असंच

मशीन पहिल्यांदा कानात बसलं की सोबत आलेल्या माणसाला मी सांगते, "आता यांच्याशी काहीतरी बोला." ऑडिऑलॉजिस्ट म्हणून, म्हणजे कान तपासून श्रवणयंत्रं बसवायचं, हे काम करायला लागून मला २२ वर्षं झाली. या एका वाक्याने जितकी माणसं गडबडलेली पाहिली, तितकी दुसऱ्या कशानेही नाही. चाळीस-चाळीस वर्षं एका छपराखाली काढलेली माणसं "काय बोलू?" म्हणून माझ्याचकडे बघतात. बहुतेक जण मग "ऐकू येतंय का?" एवढं विचारतात, समोरून "हो, येतंय" येतं आणि तोंडी परीक्षा संपल्यासारखे दोघंही माझ्याकडे वळतात.

एका काकूंनी मात्र तसं केलं नाही. त्या नवऱ्याकडे थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या शर्टाचं दुसरं बटण लोंबतंय." अगदी रोजच्या आवाजात, पर्सची चेन लावता लावता. काकांनी खाली बघितलं, बटण चाचपलं आणि हसायला लागले. इतके हसले की जबडा हलून कानातल्या मशीनने शिट्टी मारली. हसू ओसरल्यावर म्हणाले, "असलं काहीतरी किती दिवसांनी बोललीस गं!"

काकू म्हणाल्या, "बोलत होते की. मग सोडून दिलं."

त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. बाल्कनीतली कुंडी वाळली, मग काढून टाकली, तसं. ते दोघं गेल्यावर त्यांच्या फाइलच्या कोपऱ्यात मी पेन्सिलने 'बटण' एवढंच लिहिलं. का लिहिलं ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

वयानुसार कान जातात ते रेडिओचा आवाज कमी केल्यासारखे जात नाहीत, हे आधी सांगायला हवं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा, साधारण अडीच वेढ्यांचा एक भाग असतो, कॉक्लिया. जन्माच्या वेळी त्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केसपेशी असतात. त्या गेल्या की गेल्या, माणसात पुन्हा उगवत नाहीत. उंच सूर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात आणि वाढत्या वयाचा फटका आधी त्यांना बसतो. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ वगैरे, खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. ते शेवटपर्यंत ऐकू येत राहतात. गळतात ती व्यंजनं. स, श, फ, थ यांसारखी हवेवरची, हलकी व्यंजनं तर सगळ्यांत आधी. काठ, साठ, पाठ, ताठ हे चार शब्द अशा कानाला जवळजवळ एकच वाटतात. म्हणून माझ्याकडे येणारे दहातले आठ जण खुर्चीत बसता बसता एकच वाक्य बोलतात, "ऐकू येतं हो, कळत नाही."

घरच्यांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, सोयीचं तेवढं ऐकतात. मग ते ओरडतात. ओरडल्याने वाढतात ते स्वर, जे आधीपासून ऐकू येतच होते. बोलणारा चिडलेला दिसतो, ऐकणारा ओशाळतो, आणि 'साठ'चं 'पाठ' ते 'पाठ'च राहतं.

इथवरचं सगळं मी कॉलेजात शिकले होते. कॉलेजात कोणी शिकवलं नाही ते पुढचं.

"दार लावलंस का?" हे तीनदा ओरडून विचारता येतं. "गोळी घेतली का?" हेही येतं. काम असतं, उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून माणूस ओरडतो. पण "ते बघ, मांजर कसं बसलंय" हे तीनदा ओरडून बघा. पहिल्यांदा म्हणताना त्यात गंमत असते. समोरून "काय?" आलं की दुसऱ्यांदा म्हणताना ती निम्मी होते. तिसऱ्यांदा ओरडताना आपल्यालाच वाटतं, एका मांजरासाठी काय हा तमाशा! तोवर मांजरही उठून गेलेलं असतं. मग आपण हात हलवून म्हणतो, "काही नाही."

क्षुल्लक बोलण्याला दुसऱ्यांदा उच्चारणं सोसत नाही. विनोदाचं जसं होतं तसंच. महत्त्वाचं बोलणं टणक असतं, आपटलं तरी टिकतं. त्यामुळे कान जायला लागलेल्या माणसापर्यंत घरातलं महत्त्वाचं सगळं पोचत राहतं. तारखा, बिलं, औषधं, कोण आजारी, कोण गेलं. बिनमहत्त्वाचं तेवढं बंद होतं. घरात कोणी तसं ठरवत नाही. एका आजोबांनी मला ते फार नेमकं सांगितलं होतं: "मला बहिरेपणाचा काही त्रास नाही. मला 'काही नाही'चा त्रास आहे. दिवसातून वीस वेळा ऐकतो. आणि ते मात्र स्पष्ट ऐकू येतं!"

त्यानंतर मी माझ्या प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न घातला. टीव्हीचा आवाज किती ठेवता, कानात गुणगुण होते का, चक्कर येते का, हे विचारून झालं की विचारते, "शेवटचं बिनकामाचं बोलणं तुमच्याशी कोण बोललं?" सहकाऱ्यांना हा प्रश्न चावटपणाचा वाटतो. पण ऑडिओग्रामवरची, म्हणजे कानाच्या चाचणीच्या आलेखावरची, रेघ घसरगुंडीसारखी किती खाली गेली आहे, याचा अंदाज मला कधीकधी चाचणीआधीच येतो तो या उत्तरावरून. उत्तर द्यायला जितका जास्त वेळ, तितकी रेघ खाली. याला पुरावा वगैरे काही नाही. माझा आपला अनुभव.

बिनकामाच्या बोलण्याला शास्त्रात नाव आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले होते. तिथल्या लोकांचं बोलणं ऐकून त्यांच्या लक्षात आलं की माणसं बऱ्याचदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत. हवा, तब्येत, समोर दिसतंय तेच पुन्हा. १९२३ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी याला 'फॅटिक कम्युनियन' म्हटलं. म्हणजे नुसतं बोलण्यानेच माणसं एकमेकांशी जोडली जातात असं बोलणं. नाव भारदस्त आहे. आपल्याकडे त्यासाठी एक साधा, आखूड शब्द आहे आणि मला तो जास्त आवडतो. "कशाला आलास?" "असंच." "काय म्हणत होतीस?" "काही नाही, असंच."

या 'असंच'ला वेग लागतो. २००९ साली भाषेच्या अभ्यासक तान्या स्टायव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या १० भाषांमधली रोजची संभाषणं मोजली. एकाचा प्रश्न संपणं आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू होणं यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. गंमत अशी की एखादा शब्द मनात शोधून, जुळवून तोंडातून काढायलाच साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण आपलं उत्तर रचायला घेतलेलं असतं. आपण अर्ध्या वाक्यावरच विश्वास टाकतो. ज्याला 'साठ' की 'पाठ' हे वाक्य संपल्यावर ताडून बघावं लागतं, त्याची ही उडी चुकते. तो अर्धा-पाऊण सेकंद उशिरा हसतो. तेवढा उशीर पुरतो. घड्याळात तो दिसत नाही, पण समोरचा माणूस पुढच्या वेळी थोडं कमी बोलतो.

हे सगळं मला माहीत होतं. आता आईचं सांगते.

आई वेगळ्या गावी राहते, तिच्या घरी. बाबा गेल्यापासून मी रोज संध्याकाळी कामावरून निघताना तिला फोन करते. ते फोन कधी आखडत गेले, मला सांगता येणार नाही. पूर्वी ती शेजारच्या मुलाची स्कूटर सकाळी किती लाथा खाऊन सुरू होते, दोरीवरचे कपडे आज किती वाजता वाळले, वीजमीटरच्या पेटीत चिमणीने पुन्हा काड्या कशा आणल्या, असलं सगळं सांगायची. मी गाडी चालवत "हं, हं" करायची. मग हळूहळू असं झालं: "सगळं ठीक?" "हो." "गोळ्या घेतल्यास?" "हो." "ठेवू मग?" "हो, ठेव." चाळीस सेकंद. मला वाटलं, वय झालं. बाबांच्या मागे मन उडालं असेल. खरं सांगायचं तर मला ते चाळीस सेकंद सोयीचेही वाटत होते.

एकदा तिच्याकडे नळदुरुस्तीवाला येणार होता. मी विचारलं, "किती वाजता आला गं तो?"

"हो," आई म्हणाली.

मी गाडी बाजूला घेतली. पुन्हा विचारलं, "आई, किती वाजता?" "हो हो, आला." ती अंदाजाने उत्तरं देत होती. 'हो' हे बहुतेक प्रश्नांना चालतं, म्हणून तिने तेच धरून ठेवलं होतं. फोनवर ओठही दिसत नाहीत. शिवाय साध्या फोनलाइनवरून जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका सूर उंच). 'स'चा बराचसा आणि 'श'चा काही भाग त्याच्या वर, म्हणजे तो निघतानाच कापला जातो. फोनवर अडखळायला लागणं ही कान जात असल्याचं ओळखायची पहिली खूण आहे, हे मी लोकांच्या मुलांना रोज बजावते. माझ्या आईचं मला किती महिन्यांनी कळलं ते लिहिण्याची हिंमत नाही.

तिला बोलावून घेतलं आणि माझ्याच साउंडप्रूफ खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. "बारीकशी शिट्टी ऐकू आली की दाबायचं. अगदी हलकी आली तरी दाबायचं." काचेपलीकडून मी बघत होते. उंच सुरांवर आले तेव्हा ती दाबेना. मी आवाज वाढवत गेले. मग तिने दाबलं, आणि ते नेमकं मी काहीच वाजवत नव्हते तेव्हा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, पुन्हा शांततेतच. असं करणारे लोक असतात. त्यांना आम्ही सूचना पुन्हा समजावून सांगतो. मी आत गेले आणि म्हटलं, "आई, आवाज नसताना दाबतेयस."

"तू तिकडून इतकी बघत होतीस," ती म्हणाली. "म्हटलं, तुला बरं वाटेल."

ऑडिओग्राम निघाला तो अपेक्षेप्रमाणेच. २५० हर्ट्झपाशी बरा, २००० नंतर उतार, ४००० पासून खड्डा. दोन्ही कानांना मशीन बसवली. वेळ घेऊन प्रोग्रॅमिंग केलं. आपल्याच माणसाचं करताना हात जरा जड होतो, तरी नीट जमलं. सेलचा स्टिकर काढून एक मिनिट थांबायचं आणि मगच तो मशीनमध्ये घालायचा, हेही शिकवलं. हे झिंक-एअर सेल हवेवर चालतात, स्टिकर सोलल्यावर आत हवा गेली की जागे होतात. आईला ते फार आवडलं. "म्हणजे श्वास घेऊ द्यायचा," ती म्हणाली आणि पहिला तपकिरी स्टिकर कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात चिकटवला.

पहिले दहा दिवस ती वैतागलेली होती. पिशवीचा चुरचुर आवाज, वर्तमानपत्राची पानं, स्वतःच्याच चपला. "घरात इतका आवाज असतो? कसे राहता तुम्ही लोक?" हे होतंच. वर्षानुवर्षं न आलेले आवाज एकदम यायला लागले की मेंदूला ते कुठे ठेवायचे ते कळत नाही. काही आठवडे जावे लागतात. मी निर्धास्त होते.

महिन्याभराने तिच्याकडे गेले तर दोन्ही मशीन टेबलाच्या खणात, डबीत. कॅलेंडरवर सुरुवातीचे स्टिकर आणि पुढे सगळे चौकोन कोरे. मला राग आला. माझ्या पेशंटचा येतो त्यापेक्षा जास्त आला. मी एक भाषण केलं, त्यात मेंदू, व्यायाम, सवय असे शब्द होते. तिने ते ऐकून घेतलं. घेतलं असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "अगं, घालीन मी. पण घालून ऐकू काय? मला कोण काय सांगतं?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. मशीन देतं तो आवाज. बोलणं कोणीतरी बोलावं लागतं. आम्ही सगळ्यांनी, म्हणजे मी, भाऊ, भाचे आणि वरच्या मजल्यावरच्या मावशींनीसुद्धा, तिच्याशी फक्त कामाचं बोलायची सवय लावून घेतली होती. कान परत आणले तरी ती सवय होती तिथेच. त्या शर्टाच्या बटणवाल्या काकूंना ते जमलं, कारण त्यांची 'असंच'ची ओल शिल्लक होती. आमच्याकडे ती आटली होती.

तेव्हापासून मी रोज कारण नसताना एक फोन करायला लागले. संध्याकाळचा नेहमीचा नव्हे, तो वेगळा. हा दुपारी, दोन पेशंटच्या मधे. पहिला फोन तर हास्यास्पद झाला.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही, असंच केला."

"पोरं बरी आहेत ना?"

"हो गं, सगळे बरे आहेत. असंच."

"नक्की ना? मग ऑफिसच्या वेळेत कसा काय?"

तिची छाती धडधडली असणार. असंच फोन येणं इतकं नाहीसं झालं होतं की आला तर वाईट बातमीच असणार. मलाही काय बोलावं सुचेना. जे वाक्य मी २२ वर्षं लोकांना सांगते, "काहीतरी बोला", ते माझ्यावर उलटलं. मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, "इथे समोर एक माणूस शिडीवर चढलाय आणि त्याची चप्पल खाली पडलीय."

आई म्हणाली, "मग?"

"मग काही नाही. आता उतरतोय."

"एका पायातच?"

तिथून जमलं. रोज जमलं असं नाही. कधीकधी दोघी नुसत्या श्वास ऐकत बसायचो. पण दोन-तीन महिन्यांत स्कूटर परत आली, दोरीवरचे कपडे आले. खणातली मशीन तिने आपणहून बाहेर काढली. मी विचारलं नाही, कॅलेंडरवरून कळलं.

या विषयावर आकडेही आहेत आणि ते छोटे नाहीत. २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहांपैकी एका माणसाला एकटेपणा छळतो. माझ्या कामाच्या बाबतीत बोलायचं तर २०२३ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. श्रवणयंत्रांमुळे तीन वर्षांत विचारशक्ती-स्मरणशक्तीची घसरण सरसकट सगळ्यांमध्ये कमी झालेली दिसली नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात ती ४८ टक्क्यांनी कमी दिसली. लोक विचारतात तेव्हा मी हे दोन्ही भाग सांगते. जाहिराती दुसराच सांगतात.

पण हे आकडे घरात वापरायचे नाहीत, असं माझं मत झालं आहे. एक मुलगा वडिलांना माझ्यासमोर म्हणाला, "डॉक्टर म्हणतात बोललं की मेंदू चांगला राहतो, म्हणून मी रोज पंधरा मिनिटं तुमच्याशी बोलणार आहे." वडिलांचा चेहरा बघवला नाही. गोळीसारखं बोलणं सकाळ-संध्याकाळ घ्यायचं ठरलं की ते पुन्हा कामाचंच झालं. मुलाचा हेतू शंभर टक्के चांगला होता, म्हणून तर आणखी पंचाईत.

आणि दुसरी बाजूही सांगते, नाहीतर वाटेल मी बडबडीची वकिली करतेय. एक काका आहेत, ते धाकटा भाऊ भेटायला आला की मशीन काढून खिशात ठेवतात. "चष्मा काढला तरी माणूस धूसर दिसतोच. हे काढलं की माणूस जातोच!" असं त्यांचं म्हणणं. शेजारी शेजारी बसून तास तास एक शब्द न बोलणारी जोडपीही मी माझ्या बाहेरच्या बाकावर पाहिलेली आहेत. त्यातली काही इतकी निवांत असतात की त्यांना नंबर आला म्हणून हाक मारायला जिवावर येतं. मला फरक कळतो असं मी म्हणणार नाही. कधीकधी कळतो.

पेन्सिलच्या नोंदींचं राहिलंच. 'बटण'नंतर मी ते करतच राहिले. फाइलच्या कोपऱ्यात एक-दोन शब्द: 'पोपट शिट्टीला उत्तर देतो'. 'छत्री तीच, दांडा नवा'. 'नात मशीनला गोगलगाय म्हणते'. मागे जुन्या फाइली संगणकावर चढवायला घेतल्या तेव्हा आठवडाभर लागेल असं वाटलेलं काम दीड महिना चाललं, कारण मी प्रत्येक कोपरा वाचत बसले. ऑडिओग्राम एकसारखे एक होते. या घसरगुंडीकडे बघून त्या माणसाचा चेहरा आठवत नव्हता, 'छत्री' वाचलं की आवाजासकट माणूस उभा राहायचा. लिहिताना मला यातलं एकही महत्त्वाचं वाटलं नव्हतं. यावरही एक प्रयोग झालेला आहे. २०१४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांच्या चालू दिवसांतल्या साध्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या होत्या: नुकतंच झालेलं बोलणं, ऐकत असलेली गाणी, असलंच. तीन महिन्यांनी ते वाचताना आपल्याला किती गोडी वाटेल, याचा अंदाजही आधी घेतला होता. प्रत्यक्षात गोडी अंदाजापेक्षा जास्त वाटली. तीन महिन्यांत ही गत, माझ्या काही फाइली १८ वर्षांच्या होत्या.

संगणकाच्या फॉर्ममध्ये कोपरा नाही. 'इतर माहिती' नावाचा रकाना आहे. त्यात टाकते आता.

परवा दुपारी मी फोन करायच्या आधी आईचाच आला. हे नवीन आहे. माझ्यासमोर एक आजी बसल्या होत्या, त्यांची परवानगी घेऊन उचलला.

"काय गं आई?"

"काही नाही. चिमणीची पिल्लं निघालीत मीटरच्या पेटीत. केवढी ओरडतायत! थांब, ऐकवते."

तिच्या चपलांचा आवाज आला, दाराची कडी वाजली. मग तिने फोन पेटीजवळ धरला असावा. मी कानाला घट्ट लावून ऐकलं. काहीच नाही. फोन माणसाच्या बोलण्याखेरीजचे बारीक आवाज गोंगाट समजून गाळून टाकतो, हे मला ठाऊक आहे. नुसती पोकळ शांतता येत होती.

"येतंय ना ऐकू?" आईने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ती क्षणभर थांबली.

"किती आहेत सांग?"

समोरच्या आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी अंदाजाने म्हटलं, "तीन."

"चार," आई म्हणाली आणि खो-खो हसायला लागली, इतकी की तिकडून शिट्टी ऐकू आली.